कंसातला परदेश

आमचे सर हेल्मेट घालून जिना उतरत. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गातून बाहेर पडलं की आधी हेल्मेट डोक्यावर, मग हनुवटीखालचा पट्टा, मग कठड्याला धरून एकेक पायरी. स्कूटर खाली, कॉलेजच्या फाटकापाशी. कोल्हापुरात हेल्मेट ही पोलीस दिसल्यावर आरशावरून काढून डोक्यावर टेकवायची वस्तू आहे. तिथं हा माणूस ती घालून जिना उतरतो म्हटल्यावर नवीन पोरं थांबून बघायची. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, जिन्यावर कशाला?"

"मी या जिन्यावरून पडेन अशी शास्त्रीय खात्री आहे का?" सरांनी हेल्मेटच्या आतून विचारलं.

"नाही सर."

"पडणार नाही अशी आहे?"

"तशीही नाही."

"मग खात्री नाही या सबबीवर उपाय लांबवायचा नाही. खबरदारीचं तत्त्व. परीक्षेला आहे."

सरांच्या तोंडून बाहेर पडणारं सगळंच परीक्षेला असायचं. ते आम्हाला आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा शिकवत. हा विषय मी का घेतला, हे सांगायला आता हरकत नाही, वकिलीची सनद मिळून बरीच वर्षं झाली. पर्यावरण म्हणजे शाळेतलं प्रोजेक्ट अशी माझी समजूत होती. वहीत पिंपळाचं पान चिकटवायचं, खाली 'झाडे लावा' लिहायचं, विसापैकी अठरा. आंतरराष्ट्रीय असेल तर फार फार तर पान मेपलचं लागेल.

पहिल्या तासाला वर्गात आम्ही चौघं. सरांनी फळ्यावर काही न लिहिता थेट विचारलं, "समुद्र कोणाचा?"

मी म्हणालो, "कोकणातल्यांचा."

बाकीचे तिघं हसले. सर हसले नाहीत. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, पुढचा अर्धा तास त्याच्यावर घालवला आणि शेवटी म्हणाले, "किनारी राष्ट्रांची भूमिका या विद्यार्थ्याने नेमकी मांडली आहे. चूक आहे, पण नेमकी आहे." माझ्या चुकीला एवढा मान त्याआधी कुणी दिला नव्हता. आमच्या घरी चुकीला चप्पल मिळायची.

सरांची पीएच.डी. व्हेल माशांच्या शिकारीवर होती. म्हणजे शिकारबंदीच्या कायद्यावर. व्हेल त्यांनी पाहिला नव्हता. समुद्र पाहिला होता, एकदा, गणपतीपुळ्याला, तोही त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या मॅडमच्या, म्हणण्याप्रमाणे त्याच्याकडं पाठ करून. कारण नारळपाणीवाल्याला ते किनारपट्टीचे नियम समजावून सांगत होते. व्हेल वगळता इतर प्राण्यांबाबत त्यांचं धोरण उदार होतं. रविवारी दुपारी तांबडा आणि पांढरा रस्सा समोर आला की ते एक अक्षर बोलत नसत. मी एकदा खवचटपणे विचारलंही, "सर, बोकडाचं काय?" तर म्हणाले, "बोकड स्थलांतर करत नाही. तो संपूर्णपणे राष्ट्राच्या अंतर्गत प्रश्न आहे." आणि नळी फोडली.

आयुष्यभर परदेशांचे कायदे शिकवलेल्या या माणसाकडे पासपोर्ट नव्हता. परदेशातल्या परिषदेची दोन आमंत्रणं आली होती. पहिलं आलं तेव्हा मुलीची दहावी होती. दुसरं आलं ते मे महिन्याच्या सुट्टीत, कॉलेजच्या पत्त्यावर. ऑफिसातल्या चौगुले क्लार्कनी ते 'बाहेरदेशी – किरकोळ' या फाईलला लावून ठेवलं. फाईल दिवाळीनंतर उघडली. त्या फाईलमध्ये ते एकच पत्र होतं.

"चौगुले, तुम्ही मला सांगितलं नाहीत," सर म्हणाले.

"किरकोळ वाटलं की सर," चौगुले म्हणाले. "शिक्का न्हवता त्याच्यावर."

सरांनी यावर रागवायला हवं होतं. त्यांनी चौगुलेंना टपाल नोंदवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींवर वीस मिनिटं माहिती दिली. चौगुले म्हणतात, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्यांच्या विषयात 'समान पण वेगवेगळी जबाबदारी' असं एक तत्त्व आहे. धूर सगळ्यांनी कमी करायचा, पण ज्यानं आजवर जास्त सोडला त्यानं जास्त. सरांनी ते हजेरीला लावलं होतं. मुरगूडहून एसटीनं येणाऱ्याला वीस मिनिटं उशीर माफ, शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून येणाऱ्याला अर्धा तास, आणि मी मंगळवार पेठेत मामाकडं राहणारा, कॉलेजपासून चालत पाच मिनिटं, म्हणून मला शून्य. एकदा एक मिनिट उशीर झाला तर म्हणाले, "तू विकसित राष्ट्र आहेस. शोभत नाही." दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात मला विकसित कुणी म्हटलं नाही, म्हणून मी ते सोसलं.

आणि कंस. कंसांबद्दल सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. जगभरचे देश कराराचा मसुदा करायला बसतात, तेव्हा ज्या शब्दावर एकमत नसतं तो शब्द चौकोनी कंसात टाकतात. भांडण मिटलं की कंस निघतो. सरांना ही मानवजातीची सर्वांत मोठी सोय वाटे. त्यांच्या घरी स्वयंपाकघरात पाटीवर लिहिलेलं असायचं: 'संध्याकाळी [भेंडी] [वांगी].' मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "बारशाच्या आधी मुलीचं नाव काय ठेवायचं ते ह्यांनी कंसात टाकलं होतं. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा शाळेनं कंस काढायला लावला."

आता मूळ गोष्टीवर येतो. यात माझी मूर्खपणाची बाजू मोठी आहे, ती मी लपवणार नाही.

डिसेंबरात पुढच्या सत्राच्या ऐच्छिक विषयांचे फॉर्म निघाले, सरांच्या विषयाचा दुसरा पेपर त्यातच होता. मी ऑफिसात बोनाफाइडसाठी उभा होतो, तेवढ्यात चौगुले सरांना म्हणाले, "सर, यंदापासनं नियम हाय. दहा पोरं न्हाईत तर पेपर बंद. तुमच्याकडं तीन हाईत."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हंजे बंद. तुम्हाला पहिल्या वर्षाचा कराराचा कायदा देणार म्हणत्यात. फॉर्म बदलायची मुदत पुढल्या म्हैन्यात पयल्या शनवारपतोर हाय, पाच वाजता. तवर दहा झाली तर झाली."

सर हेल्मेट काखेत धरून उभे राहिले. निवृत्तीला तीन वर्षं होती आणि अख्खं आयुष्य त्यांनी या एका विषयात घातलं होतं. डोक्यावर असल्यावर हास्यास्पद दिसणारं ते हेल्मेट काखेत फार केविलवाणं दिसत होतं. मला ते बघवेना. म्हणून मी तोंड उघडलं. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे या तीन शब्दांनी सुरू झाले आहेत.

मी म्हणालो, "मी आणतो, सर."

"कुठून?"

"दहा काय, पंधरा आणतो."

कोल्हापुरी माणूस आकडा बोलला की तो मागं घेता येत नाही. दुपारी कँटीनमध्ये मी कामाला लागलो. आधी खरं बोलून बघितलं. "पृथ्वीचा प्रश्न आहे," असं रणजितला सांगितलं. रणजित आमच्या पेठेतल्या तालमीचा, मान नसलेला, मनानं मोठा गडी. तो म्हणाला, "पृथ्वी चार अब्ज वर्सं हाय लका, एक सेमिस्टर तग धरंल की. मी बँकिंग घेणार."

मग मी खोटं बोललो. खरं तर खोटं पण नाही, अर्धवट बोललो. म्हणालो, "विषय आंतरराष्ट्रीय हाय म्हटल्यावर दौरा असणारच की."

"दौरा? कुठं?"

"आंतरराष्ट्रीय म्हणजे कुठं असतोय? परदेशात."

बस्स. एवढंच. पुढचं सगळं कॉलेजनं केलं. सोमवारी तो दौरा नेपाळला होता, मंगळवारी सिंगापूरला, आणि बुधवारी मुलींच्या कॉमन रूममधनं बातमी आली की स्वित्झर्लंड, जेवणाखाण्यासकट. शुक्रवारी चौगुलेंकडं सरांच्या विषयाचे चौदा फॉर्म होते. चौदा आणि मी पंधरा! सरांना मी मोजून सांगितलं. त्यांचा चेहरा असा फुलला, की मी दोन दिवस स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला.

फ्लेक्सशिवाय कोल्हापुरात काही घडलं असं धरत नाहीत. दहा बाय वीसचा फ्लेक्स. मधोमध रणजित, गॉगल लावून. मागं विमान, विमानाच्या मागं बर्फाचा डोंगर. वर: 'आपल्या तालमीचा ढाण्या वाघ परदेश दौऱ्यावर! हार्दिक शुभेच्छा!' खाली तालमीतल्या बावीस जणांचे फोटो, आणि कोपऱ्यात, पासपोर्ट साईजमध्ये, सर. हेल्मेट घातलेले. दुसरा फोटो पोरांना मिळाला नसणार.

सरांची स्कूटर रोज त्याच चौकातून यायची.

त्या दिवशी ते वर्गात आले ते हेल्मेट न काढताच. फॉर्म भरलेले चौदा जण बसले होते. मी मागच्या बाकावर, दप्तराच्या आड. सर म्हणाले, "मला कळलं की आपण परदेशी जात आहोत. मला हे चौकात कळलं."

वर्ग माझ्याकडं वळला. चौदा माना. मी उठलो आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक झाला होता की रणजित ओरडला, "मोठ्यानं बोल की! कँटीनात परदेश म्हणताना मोठ्यानं सांगटलास न्हवं?"

"म्हणजे स्वित्झर्लंड नाही?" कुणीतरी रडवेलं होऊन विचारलं.

"नेपाळ पण नाही," मी म्हणालो.

त्यावर जो गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही. माझ्या आईवडिलांचा त्यात उल्लेख झाला. निम्म्या वर्गानं तिथंच ठरवलं, शनिवारच्या आत फॉर्म काढून घ्यायचे. मला वाटलं, सर आता मला हाकलतील. सरांनी हेल्मेट काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "एक मिनिट. वर्गाच्या वतीने आश्वासन दिलं गेलं आहे. ज्याने दिलं त्याला अधिकार नव्हता, हे खरं. पण समोरच्या पक्षाने त्यावर विसंबून फॉर्म भरले आहेत आणि," इथं त्यांनी रणजितकडं बघितलं, "फलक लावले आहेत. दिलेला शब्द पाळायचा, हा आमच्या विषयाचा पाया आहे. तपशील तेवढा ठरवावा लागेल."

आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'विद्यार्थ्यांना [परदेश] दौऱ्यावर नेण्यात येईल.'

"कंसातला शब्द वादग्रस्त आहे," सर म्हणाले. "बोला."

ती दुपार मी विसरणार नाही. आधी सगळे चेष्टेनं बोलत होते. मग तस्लीम उभी राहिली. तस्लीम इचलकरंजीहून रोज येणारी, वडील लूमवर, वर्गात सगळ्यात धारदार जीभ तिची. ती म्हणाली, "सर, 'नेण्यात येईल' म्हणजे कोण नेणार? त्यालाही कंस पाहिजे." सरांचे डोळे चमकले. 'नेण्यात येईल'ला कंस पडला. मग 'विद्यार्थ्यांना'ला पडला, कारण फ्लेक्सवरच्या बावीस जणांना न्यायचं का, असा रणजितचा मुद्दा होता. तासाभरात फळ्यावर मोकळा असा एकच शब्द उरला, 'दौऱ्यावर', आणि त्यावरही मुरगूडच्या एकाचं म्हणणं होतं की दौरा मंत्र्यांचा असतो, आपली सहल असते.

पाच वाजता शिपाई कुलूप घेऊन आला. सर खुर्चीवर चढले, हेल्मेट घालून चढले, आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून खिशात टाकला. "परिषदेत मुदत संपत आली की अधिकृतपणे घड्याळ थांबवतात," ते म्हणाले. शिपायानं आपलं मनगटावरचं दाखवलं. सरांनी त्याला निरीक्षक म्हणून बसवून घेतलं.

शेवटी एकमत झालं. 'विद्यार्थ्यांना परप्रांत दौऱ्यावर नेण्यात येईल.' परप्रांत म्हणजे कर्नाटक. पंचगंगेच्या काठाकाठानं खाली जायचं, हद्द ओलांडायची, पलीकडं उतरायचं. शुक्रवारी.

"आणि माझ्या फ्लेक्सचं काय?" रणजित म्हणाला. "माझी इज्जत हाय की न्हाय?"

"तुझं विमान कंसात ठेव," तस्लीम म्हणाली.

शुक्रवारी सकाळी एसटी स्टँडवर रणजितला निरोप द्यायला तालीम आली होती. हलगीसकट. त्याच्याकडं चाकाची मोठी बॅग, अंगात लोकरीचं जाकीट, गळ्यात तीन हार. तालमीतल्या कुणालाही त्यानं खरं सांगितलं नव्हतं. "पुण्यापतोर एसटीनं, तिथनं विमान," असं सांगितलं होतं. गाडीवर पाटी होती कुरुंदवाड. तालमीचे वस्ताद पाटी वाचून म्हणाले, "ही गाडी उलटीकडं जातीया की रं."

"वळून जातीया वस्ताद," रणजित म्हणाला, आणि आत जाऊन खिडकीचा पडदा ओढायला लागला. एसटीला पडदा नसतो हे त्याला तेव्हा आठवलं.

प्रत्येक पुलावर सर आम्हाला एका बाजूच्या खिडक्यांकडं बोलवत. नदीचा रंग वहीत लिहायचा. पहिल्या पुलावर हिरवा, पुढं मातकट, आणि इचलकरंजीच्या जवळ एका नाल्यावर असा जांभळा, की सगळ्यांनी एकमेकांच्या वहीत डोकावून खात्री केली. सर तस्लीमकडं वळले.

"सर, हे मला नका विचारू," ती म्हणाली. "आमच्या अख्ख्या गल्लीची चूल ह्याच रंगावर पेटती."

"म्हणूनच तुला विचारतो," सर म्हणाले. "ज्याची चूल त्यावर नाही, त्याला मत देणं फार सोपं असतं. उदाहरणार्थ मी."

ती पुढं बराच वेळ वहीत लिहीत होती. काय ते मी वाकून बघायचा प्रयत्न केला, तर तिनं पेन टोचला.

कुरुंदवाडच्या पुढं एका गावाशी उतरून आम्ही नावेत बसलो. नदीच्या मध्यावर सरांनी नावाड्याला विचारलं, "राज्याची सीमा नेमकी कुठे?"

नावाडी म्हणाला, "ती मोबाईलवर येतीया, सर."

आणि खरंच, सगळ्यांत आधी माझ्याच फोनला कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज आला. नावेत टाळ्या वाजल्या. त्या आनंदात मी हातातल्या भडंगाचं रिकामं पाकीट सहज पाण्यात टाकलं. पुढच्या सेकंदाला मला काय केलं ते कळलं. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि वहीत काहीतरी टिपलं. पाकीट आमच्या पुढं पुढं चाललं आणि आमच्या आधी पलीकडच्या काठाला लागलं.

काठावर एक म्हातारी म्हैस धूत होती. तिनं पाकीट उचललं, वाचलं आणि आम्ही उतरताच म्हणाली, "कोल्हापूरचं पावणं काय?"

"कसं ओळखलंत?" सर म्हणाले.

"पाकिटावर हाय की पत्ता. माणसाच्या आधी माल येतोय तुमचा." मग तिनं विचारलं, "टाकलं कुणी?"

तेराजणांनी माझ्याकडं बोट केलं. रणजितचे दोन्ही हात बॅग धरण्यात होते म्हणून तो वाचला.

"ये तम्मा, उचल ही पाटी," ती धाकट्या भावाला घालावी तशी कानडी साद घालून म्हणाली, आणि शेणाची पाटी माझ्या डोक्यावर ठेवून आम्हा सगळ्यांना घराकडं घेऊन निघाली. गावात तिला अक्का म्हणत. वाटेत सर तिला विचारत होते, पाणी कसं असतं, मासे राहिलेत का, म्हशींना काय होतं. अक्का म्हणाली, "काय व्हतंय ते व्हतंय. वरच्यास्नी दिसत न्हाई, खालच्यास्नी बोलायला येत न्हाई. तुमी कोण म्हणायचं?"

"मी कायदा शिकवतो. नदीचा, समुद्राचा, हवेचा."

"किती जणास्नी?"

"पंधरा," सर म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत पंधरा. नंतरचं सांगता येत नाही. दहाच्या खाली आले तर बंद होईल."

हे ते इतक्या साधेपणानं बोलले की डोक्यावरची पाटी मला एकदम जड झाली.

अक्कानं अंगणात बसवलं, चहा टाकला. पंधरा स्टीलचे पेले आणि सरांची कपबशी. मी हात धुऊन आलो. चहा सगळ्यांच्या हातात आला, आणि मग अक्का सहज म्हणाली, "घ्या की. परकं समजू नगा. घरचंच पाणी हाय. तुमच्या गावासनंच आलंय."

पेले तोंडाशी होते, तिथंच थांबले. मला तो जांभळा नाला आठवला. रणजित, जो तालमीत कुणाच्याही पाठीवरची लाल माती खातो, त्यानं पेला हळूच खाली ठेवला. कुणी प्यायना, आणि न पिता अक्काकडं बघायचं कसं, हेही कळेना. सगळ्यांनी सरांकडं बघितलं. हा जिन्यावर हेल्मेट घालणारा माणूस. ह्याच्या खबरदारीच्या तत्त्वावर आमची आता सगळी मदार.

सरांनी बशीत चहा ओतला. बशीकडं बघितलं. अक्काकडं बघितलं. आणि एका घोटात संपवला.

"सर!" तस्लीम ओरडली.

"या रोज पितात," सर म्हणाले. "यांच्या घरी बसून खबरदारी आपण घ्यायची, हे कुठल्याच करारात बसत नाही."

मग तस्लीमनं पेला उचलला. मग मुरगूडचा. मग सगळ्यांनीच. मी शेवटी. डोळे मिटून, शेणाच्या वासासकट.

अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता खाली बसली. "पंचायतीचं फिल्टरचं पाणी हाय रं ते!" ती म्हणाली. "नदीचं आमी म्हशीला बी देत न्हाई. सायेब, तुमी मातूर खरं निघालासा."

परतीच्या गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही, पण कुणी भांडलंही नाही. रणजितनं हार काढून बॅगेत ठेवले. त्यातले झेंडूचे हार त्यानं पुलावरून अक्काच्या नदीत टाकले नाहीत, हीच त्या दिवसाची कमाई.

शनिवार. मी सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर. दुपारपर्यंत पाच जणांनी फॉर्म काढून घेतले. त्यांना दोष देत नाही. एकीच्या आईनं स्वेटर विणायला घेतला होता. रणजित आला तेव्हा मी वाट अडवायला उठलो. पण तो चौगुलेंना म्हणाला, "माझा ऱ्हाऊ दे. फ्लेक्सवर नाव आलंय. आता माघार न्हाय." तस्लीम नुसती डोकावून गेली. मी मनाशी हिशेब केला. चौदातले पाच गेले, नऊ. आणि मी दहा. पेपर वाचला! मी निवांत मिसळ खायला गेलो. कट मागून घेतला.

साडेचारला परत आलो, तर चौगुले यादी करत होते. "नऊ," म्हणाले. "थोडक्यात गेलं बघ सरांचं."

"नऊ कसे? दहा. मी?"

"तुझा बँकिंगला हाय."

मी फॉर्म बघितला. माझंच अक्षर. पहिल्याच दिवशी, सरांना शब्द द्यायच्या आधी, मामाच्या सांगण्यावरून भरलेला. मामाच्या ओळखीच्या पतसंस्थेत मला चिकटवायचं ठरलं होतं. पुढं चौदा जणांचे फॉर्म भरून घेण्याच्या धांदलीत स्वतःचा बदलायचा राहून गेला. मी दोन आठवडे ज्या विषयाचा प्रचार करत होतो, खोटं बोललो, शेण वाहिलं, त्या विषयात मी नव्हतोच.

"बदला की मग!"

"विषयाच्या सरांची सही लागती. पाच वाजता मी खिडकी लावणार."

दुसरा मजला मी एका दमात चढलो. सर रिकाम्या वर्गात बसले होते. मोजणीच्या ठिकाणी आपण थांबलो तर पोरांवर दडपण येईल, म्हणून ते खाली फिरकलेच नव्हते. समोर कराराच्या कायद्याचं पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडं होतं. पान पहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

त्यांनी मान हलवली. पुस्तकात पान दुमडलं. "वाईट नाही," ते म्हणाले. "तीनवरून नऊ. वाईट नाही."

"सर, दहावा आहे. पण तो बँकिंगमध्ये आहे. म्हणजे मी. चुकून. सही पाहिजे."

सरांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग त्यांना हसू फुटलं. वर्षभरात मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो. चष्मा काढून पुसावा लागला. "म्हणजे इतके दिवस तू निरीक्षक राष्ट्र होतास!" ते म्हणाले. "तरीच. करारात नसतात तीच राष्ट्रं सगळ्यांत जास्त बोलतात." त्यांनी सही केली. हसण्याच्या भरात आडनाव कागदाच्या बाहेर गेलं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना मी चौगुलेंच्या खिडकीत हात घातला. मामा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पेपर चालू राहिला.

निकाल लागला तेव्हा दहापैकी नऊ पास. तस्लीम पहिली. रणजितसुद्धा पास. नापास एक, तो कोण हे वेगळं सांगत नाही.

मी उत्तरपत्रिकेची प्रत मागवून तडक सरांच्या घरी गेलो. "सर, ज्यानं तुमचा पेपर वाचवला त्यालाच?"

"उत्तरपत्रिकेवर नाव नसतं," सर म्हणाले. "पण ही तुझी असेल अशी शंका मला आली होती." त्यांनी चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं. नदीचा उगमापासून समुद्रापर्यंतचा प्रवास आणि काठच्या राज्यांचे हक्क. मी पंचगंगा अरबी समुद्राला मिळवली होती. समुद्र जवळचा तोच, म्हणून.

"तू नदी आंबा घाट चढवलीस आणि रत्नागिरीला उतरवलीस," सर म्हणाले. "मी स्वतः तुला नावेत बसवून पूर्वेला नेलं होतं. तुझं पाकीटसुद्धा पूर्वेला गेलं. त्याला रस्ता माहीत होता."

मॅडमनी चहा दिला, तो मी मुकाट्यानं प्यालो.

पुढच्या डिसेंबरात फॉर्म भरले गेले. मी ऑफिसात रिपीटरच्या रांगेत उभा होतो, तेवढ्यात चौगुले सरांना म्हणाले, "यंदा नऊच हाईत, सर. एक कमी."

"दहा आहेत," सर म्हणाले, आणि माझ्याकडं बोट केलं.

"रिपीटर धरायचा न्हाय."

"नियम दाखवा."

चौगुलेंनी नियमांचं पुस्तक काढलं. मग जुनं पुस्तक काढलं. मग परिपत्रकांची फाईल. सर समोरच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन शांत बसून होते. रिपीटरला मोजू नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. चार वाजता चौगुलेंनी हात जोडले आणि यादी पुढं सरकवली.

सरांनी पेन काढलं. माझं नाव त्यांनी दहाव्या नंबरला लिहिलं नाही, सगळ्यांत वर, एक नंबरला लिहिलं. मग टोपण लावता लावता मला म्हणाले, "यंदा नीट अभ्यास कर." आणि दाराशी जाऊन वळून म्हणाले, "पण फार घाई नको. माझी अजून दोन वर्षं आहेत."